पुढच्या सालचा हात

१

संध्याकाळचे साडेसहा झाले की देवका जवसाचं तेल कोमट करून सासूच्या खाटेशी बसायची. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा हा नेम. नागऱ्याच्या पलीकडे, गोंदियापासून बारा किलोमीटरवर त्यांचं गाव. चार एकर धान, दोन म्हशी, पुढं सिमेंटच्या दोन खोल्या आणि मागं जुनी मातीची कोठीची खोली, जिथं वर्षभराचं धान असायचं. माणसं चारच. नवरा लोकेंद्र, अकरावीतली रिंकी, सासू मुन्नीबाई आणि ती स्वतः. मुन्नीबाईचे डोळे काचबिंदूनं जाऊन सात वर्षं झाली होती, पण तिचं काही अडत नसे. कोणी जवळ आलं की ती आधी त्याचा हात मागायची, बोटं चाचपायची आणि मग नाव घेऊन बोलायला लागायची. चूक झालीच तर ती समोरच्याची, असा तिचा कारभार होता.

त्या दिवशी, २०१०च्या नोव्हेंबरात, देवका तेलाची वाटी घेऊन खाली बसली तेव्हा मुन्नीबाईनं पाय ओढून घेतले.

"दुसऱ्यांदा काऊन आलीस वो? आताच तं चेपून गेली."

"मी चुलीपाशी होती, माय. भात चढवून राहिली होती."

"मंग कोण आलती? हात तं तुहाच होता." मुन्नीबाईनं तिची बोटं चाचपली. "भारी झाला तुहा हात, देवका. पयले असा नव्हता."

देवका हसली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला कालचं आजचं वाटलं तर त्यात नवल काय. तिनं सासूची पिंढरी हातात घेतली, तर ती तेलानं मऊ होती आणि कोमटही. कालचं तेल असेल, तिनं स्वतःला सांगितलं. कालचं तेल आज कोमट कसं, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

२

हात भारी झाला होता हे खरंच होतं. लग्नातली अंगठी गोंदियाच्या सोनारानं कापून काढली त्याला तीन वर्षं झाली होती. बांगड्यांची मापं संपली. चपला आता ती लोकेंद्रच्या घालायची, आणि लोकेंद्र म्हणायचा, घरात दोन मरद झाले. आधी ती हसायची, मग हसायची सोडली. जबडा रुंद झाला होता, दातांत फटी पडल्या होत्या, जीभ तोंडात मावेनाशी झाली होती. रोज पाहणाऱ्यांना हे आजारासारखं दिसलं नाही. माहेरचे लोक मात्र दारात आले की एक क्षण थबकायचे आणि मग, तब्येत चांगली झाली तुही, म्हणायचे.

एकदा रिंकीनं कॉलेजमधून मैत्रिणीच्या मोबाइलवरून घरी फोन केला. देवकानं उचलून हॅलो म्हटलं. "बाबा," रिंकी म्हणाली, "आईला द्या ना फोन." देवकानं फोन ठेवून दिला. नंतर ती गोठ्यात जाऊन बराच वेळ रडली, आणि रडण्याचा आवाजही आपला वाटेना म्हणून गप्प झाली.

मग डोकं दुखायला लागलं. बाजूची भांडी दिसेनात, हात लागून पडायची. गावाच्या फाट्यावर डावीकडून आलेली मोटारसायकल अंगाला घासून गेली तेव्हा लोकेंद्र तिला चष्म्यासाठी गोंदियाला घेऊन गेला. डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळे थोडेच तपासले. तो तिच्या हातांकडेच बघत राहिला, आणि म्हणाला, नागपूरला जा, उशीर करू नका.

३

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या खेपेला मशीनमध्ये डोक्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या खेपेला येताना घरचे जुने फोटो आणायला सांगितले. शरीर कधीपासून बदलत गेलं ते त्यांना बघायचं होतं. पण देवकाच्या घरी फोटो होते तीन. दोन लग्नातले, आणि एक रेशनकार्डावरचा, ज्यात ती होती की शेजारची चमेली होती हे सांगणं कठीण.

युक्ती लोकेंद्रला सुचली. त्यांच्या घरी एक रीत होती. दिवाळीच्या आसपास घरात नवं धान शिजायचं, त्या दिवशी शिजवणाऱ्या सुनेनं तांदळाच्या पिठाच्या कालवणात उजवा हात बुडवून कोठीच्या खोलीतल्या गेरूच्या भिंतीवर उठवायचा. साल संपलं, हात दिला. भिंत दरवर्षी सारवायची, पण हातांच्या ओळी सोडून. वरची ओळ मुन्नीबाईची, तिची सून येईपर्यंतची. खालची देवकाची, ९२ सालापासून. पहिल्या वर्षी तिनं भीत भीत हात टेकला होता, तेव्हा मुन्नीबाई म्हणाली होती, "थप आवाज आला पायजे. घराले कळू दे कोण आली ते."

"फोटो कायले पायजेत," लोकेंद्र म्हणाला. "तुहं सारं भिंतीवर आहे."

त्यानं शेतातली प्लास्टिकची पारदर्शक पन्नी कापून आणली, भिंतीला लावून धरली आणि रिंकीच्या मार्करनं एकेक हात गिरवला. खोलीत दिवा नव्हता. दारातून येईल तेवढ्या उजेडात त्यानं काम उरकलं. पन्नीची गुंडाळी रबर लावून पिशवीत गेली.

४

डॉक्टरीणबाईंनी ती पन्नी उलगडून फोटो बघायच्या उजेडाच्या चौकटीवर लावली. वर देवकाच्या डोक्याचा फोटो, खाली तिचे हात, सगळ्यांच्या मागून पांढरा उजेड. त्या खूश झाल्या. अशी नोंद अजून कोणी आणली नाही, म्हणाल्या.

"हे बघा, दहा वर्षं सारखा हात. २००२च्या दिवाळीपासून वाढायला लागला." त्या मोजत उजवीकडे सरकल्या. "लग्न ९२चं ना? मग यंदापर्यंत एकोणीस झाले पाहिजेत. हे वीस आहेत."

शेवटचा हात इतरांपेक्षा स्पष्ट मोठा होता. त्यांनी देवकाला उठवून आपला पंजा त्यावर ठेवायला सांगितलं. तिच्या हाताभोवती बोटभर जागा उरली.

लोकेंद्रनं कपाळाला हात लावला. "माहाच असन तो. डाव्या हातानं पन्नी धरली होती ना मी, त्यालेच गिरवून बसलो." सगळे हसले, देवकाही. पण तिची नजर त्या हाताच्या करंगळीवर गेली होती. सात वर्षांची असताना माहेरच्या उखळात तिची करंगळी मुसळाखाली आली होती. तेव्हापासून ती बाहेरच्या बाजूला वाकडी होती. पन्नीवरची करंगळीही वाकडी होती.

मग डॉक्टरीणबाई कामाचं बोलल्या. नाकाच्या मागं, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली आहे. कॅन्सर नाही, पण तीच शरीराला वाढ म्हणून सांगत सुटली आहे. डोळ्यांची नस दाबली गेल्यामुळं बाजूचं दिसत नाही. हृदयही मोठं व्हायला लागलं आहे. नाकातून जाऊन गाठ काढता येते. धोका थोडा आहे, नाही असं नाही. नजर जाऊ शकते, क्वचित जीवही. काही गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. हाडं वाढली ती राहतील, पण सूज उतरेल, हात बराच लहान होईल. न काढली तर वाढ थांबणार नाही.

"महिनाभरात ठरवा," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही ठरवा, बाई. नवऱ्यावर सोडू नका."

५

घरी आल्यावर देवका हातपाय न धुता सरळ कोठीच्या खोलीत गेली. दुपारचे तीन वाजले होते. धानाच्या पोत्यांचा कोमट, धुळकट वास होता आणि दारातून उजेडाची एक पट्टी भिंतीपर्यंत आली होती. तिनं बोट ठेवून मोजले. वीस.

विसावा हात ओळीच्या शेवटी, पुढच्या सालासाठी सोडलेल्या जागेत होता. पीठ ओलं असतं तर तिनं कोणावर तरी आळ घेतला असता. पण ते वाळून भेगा पडलेलं होतं, चार-पाच वर्षांपूर्वीच्या हातांसारखं. तिनं लोकेंद्रला बोलावलं. त्यानं आपला पंजा लावून पाहिला. त्याचा लहान पडला. रिंकीचा तर प्रश्नच नव्हता. लोकेंद्र बराच वेळ करंगळीकडे बघत राहिला.

"यंदा तूच दोनदा उठवला असशील," तो म्हणाला. "हात घसरला की पीठ पसरते. मोठा दिसते."

"घसरलेला असा दिसते का?"

संध्याकाळी गेरू कालवून त्यानं तो हात पुसून काढला, वरून दोनदा गेरू फिरवला. गेरू वाळला तसा तो पुन्हा पांढरा वर आला. लोकेंद्र म्हणाला, गेरू पातळ झाला. तिसऱ्या दिवशी देवका भात चढवत असताना मागून थप असा आवाज आला. एकच. ओला तळवा भिंतीवर बसल्याचा. हा आवाज वर्षातून एकदाच, तिच्याच हातानं व्हायचा. ती चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली. घरात मुन्नीबाई खाटेवर होती, बाकी कोणी नव्हतं. पोतं सरकलं असेल, मांजर असेल, असं ती मनात म्हणत गेली, आणि गेली तर भिंतीवर एकवीस हात होते. एकविसावा विसाव्याहून मोठा, दाराच्या चौकटीकडे एक हात पुढं सरकलेला.

लोकेंद्रला दाखवला. त्यानं गेरूचं डबडं उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं आणि त्यावर पुन्हा कधी बोलला नाही.

६

मुन्नीबाईला मात्र भीती वाटली नाही. तिनं देवकाला धरून कोठीत न्यायला लावलं, भिंत चाचपली, विसाव्या हाताच्या बोटांवरून आपली बोटं फिरवली. जवळचं माणूस भेटावं तसा तिचा चेहरा झाला.

"हा तुहाच हात होय. पुढच्या सालचा. घरानं घेऊन ठेवला."

"असं कुठी होते, माय?"

"झालं ना." मुन्नीबाई भिंतीला तळवा लावूनच बोलत होती. "पुढच्या साली तू इथं आहेस, त्याच्या पुढच्या सालीही आहेस. एवढं तं पक्कं झालं. मंग नाकात हत्यार घालून कायले घ्यायचं? तिथं टेबलावर काही झालं तं?"

देवकाला हे बोलणं गोड लागलं, हे कबूल करायला पाहिजे. टेबलावर मरण्याचं भय तिला होतंच. गावातला एक माणूस हर्नियाचं ऑपरेशन करायला गेला होता तो परत आला नव्हता, आणि हे तर डोक्याचं. भिंत म्हणत होती की ऑपरेशन न करताही तू दोन सालं जगशील. असं लिहून द्यायला डॉक्टरही तयार नव्हता.

पण सासूचे पाय चेपताना तिच्या डोक्यात दुसराच हिशोब सुरू झाला. तो हात मोठा होता. म्हणजे ऑपरेशन न केलेल्या देवकाचा. ऑपरेशन केलं तर तिचा हात लहान होणार, आणि मग पुढच्या साली नवं धान शिजेल तेव्हा तो एवढा मोठा उठणारच नाही. तरी तो भिंतीवर आहे. मग तो उठवणारी कोण? एकतर भिंतीचं ऐकून वाढत जायचं, बाविसाव्या, तेविसाव्या हाताएवढं, चौकटीबाहेर जाईपर्यंत. नाहीतर कापून घ्यायचं, आणि ती मोठी देवका तशीच मागं राहील.

ती कुठं राहील, हे तिनं त्या दिवशी मनात पुरं होऊ दिलं नाही. गाठीनंच डोकं भ्रमलं आहे, असं तिला वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं.

संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी रिंकी कॉलेजातून आली. कोठीलगतच्या छपरीत शिरता शिरता तिनं दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, तू कोठीत काय करत होतीस? मी हाक मारली तर बोललीच नाहीस." देवका त्या वेळी विहिरीवरून पाणी घेऊन फाटकातून आत येत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रिंकीचा चेहरा हळूहळू उतरला. तिला पाठच दिसली होती, म्हणाली. पोत्यांपाशी वाकलेली, रुंद पाठ.

रात्री जेवताना देवकानं लोकेंद्रला सांगितलं, तारीख घे.

"माय नाही म्हणते," तो म्हणाला.

"मायले भिंत पायजे. मले माहा हात पायजे." तिनं ताट सारलं. "पोरगी मले फोनवर वळखत नाही आणि भिंतीपाशी भलतीलेच आई म्हणते. त्याहून मी टेबलावर गेलेली बरी."

७

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. शुद्ध आली तेव्हा नाकात कापूस होता, घसा कोरडा, आणि डाव्या बाजूला, कितीतरी वर्षांनी, खिडकी होती. खिडकीत निळा पडदा होता. ती त्या पडद्याकडे बघून रडली आणि नर्स रागावली, नाकावर जोर देऊ नका म्हणून.

हात उतरायला लागले ते चौथ्या-पाचव्या दिवसापासून. बोटांच्या पेरांवर सुरकुत्या पडल्या, कातडी सैल झाली. लोकेंद्र रोज सकाळी तिच्या मनगटाला दोरा गुंडाळून माप घ्यायचा आणि गाठ मारून खिशात ठेवायचा. जीभही हलकी झाली. तिनं पहिल्यांदा फोनवर "रिंकी" म्हटलं तेव्हा तिकडून "आई, तूच ना गं?" असा प्रश्न आला. "मीच," देवका म्हणाली.

रोजचं सगळं ठीक होतं. चमेली दोन वेळ येऊन म्हशींचं पाहत होती. रिंकीची परीक्षा बरी गेली होती.

"आजीचे पाय चेपतेस ना, बाई?"

"आजी लागूच देत नाही," रिंकी म्हणाली. "रोज म्हणते, झाले चेपून."

देवकानं फोन लोकेंद्रच्या हातात दिला. खिडकीबाहेर आंब्याचं झाड होतं, त्यावर मोहोर होता, आणि ती ते सगळं नीट बघत राहिली. आता गाठ नव्हती. डोकं भ्रमलं आहे असं म्हणायलाही जागा उरली नव्हती.

८

अठराव्या दिवशी ती घरी आली. रिंकी फाटकापर्यंत धावत आली, मिठी मारली, तिचे हात धरून उलटसुलट पाहिले. चमेलीनं ओवाळलं. लोकेंद्र म्हशीला पाणी दाखवायला गेला आणि रिंकी चहा ठेवायला. देवका कोठीकडे गेली नाही. तिनं जवसाच्या तेलाची वाटी घेतली. साडेसहा झाले होते.

मुन्नीबाई छपरीत खाटेवर पाय पसरून बसली होती. देवका खाली बसली आणि तिनं सासूच्या पिंढरीवर हात ठेवला. पिंढरी कोमट होती, तेलानं मऊ.

मुन्नीबाई दचकली. तिनं तो हात धरला, वर घेतला आणि चाचपायला लागली. अंगठा, मग एकेक बोट, पेरावर पेर. करंगळीशी थांबली. वाकडेपणावरून दोनदा बोट फिरवलं.

"करंगळी बराबर आहे," ती म्हणाली. "कोणाची पोरगी वो तू?"

"माय, मी देवका."

मुन्नीबाई हसली. लहान पोरानं खोटं बोलावं आणि आपण ते पकडू नये, तसं. "देवकाचा हात मले ठाव नाही का? ती भीतर आहे, कोठीत. अठरा दिस झाले, एक दिस नाही चुकली." मग तिनं मान वळवून आत आवाज दिला. "देवका, वो देवका. पाहुणी आली पाह."

कोठीतून थप असा आवाज आला. आणि मग आवाज आला तो देवकाचा, ऑपरेशनच्या आधीचा, जाडा, जीभ तोंडात न मावणारा.

"आली, माय."

स्वयंपाकघरातून, स्टोव्हच्या आवाजात, त्या आवाजाला सवयीनं रिंकी बोलली, "आई, साखर कोठीत आहे, येताना घेऊन ये." आणि लगेच आतला सगळा आवाज थांबला. स्टोव्हसुद्धा.

कोठीच्या दाराची चौकट देवकाला खाटेच्या डावीकडून आता स्वच्छ दिसत होती. तिच्यावर आतल्या बाजूनं चार बोटं आली. पिठानं पांढरी, चौकटीची जाड लाकडी पट्टी पुरती झाकतील एवढी. शेवटचं बोट बाहेरच्या बाजूला वाकडं होतं.

देवकाला हाक मारायची होती, लोकेंद्रला, कोणालाही. स्वतःचं नाव घेऊन ओरडायचं होतं. पण ते नाव आत कोणीतरी आधीच उचललं होतं.

मुन्नीबाईनं तिचा हात सोडला आणि पाय थोडे जवळ घेतले.

"सरक ना बाई," ती म्हणाली. "तिले बसू दे."

देवकानं वाटी खाली ठेवली आणि ती सरकली.